सूत परक्याचे, तर माग कुणाचा?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के आयातकर लावला. तेव्हा कापडबाजारात काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. टॉवेल-चादरी आणि तयार कपडे अमेरिकेला पाठविणाऱ्यांच्या ऑर्डरी अडकल्या, तयार माल गोदामात पडून राहिला, आणि त्याची झळ निर्यातदारापासून मागावरच्या कारीगरापर्यंत पोहोचली. पुढे कराचे दर बदलत गेले. पण त्या गडबडीत एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात आली. त्याच अमेरिकेने भारतातून जाणारी जेनेरिक औषधे त्या करातून वगळली होती.

असे का झाले? अमेरिकेचे औषधवाल्यांवर प्रेम आणि कापडवाल्यांशी वैर होते काय? मुळीच नाही. टॉवेल भारताने दिला नाही तर पाकिस्तान देईल, तुर्कस्तान देईल. पण अमेरिकेत खपणाऱ्या जेनेरिक औषधांपैकी सुमारे ४० टक्के माल भारतातून जातो. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी महाग झाली तर तिथल्या मतदाराच्या घरात ओरड होते. ज्या मालावाचून गिऱ्हाइकाचे चालत नाही, त्या मालाशी गिऱ्हाईक भांडत नाही. तिजारतीचा हा जुना नियम आहे आणि तो देशांनाही लागू पडतो.

मी कापडाचा व्यापारी. शिक्षण उर्दू माध्यमात झाले आणि औषधशास्त्राचा माझा अभ्यास नाही. तरीही या पानावर औषधे, लसी आणि जैवतंत्रज्ञान या धंद्याविषयी लिहावेसे वाटते. कारण या धंद्याचे दुखणे मला ओळखीचे वाटते. ते आपल्या मागाचेच दुखणे आहे.

ही ताकद आली कुठून?

आजची ही ताकद आपोआप आलेली नाही. अलीगढला जन्मलेले ख्वाजा अब्दुल हमीद जर्मनीत रसायनशास्त्र शिकले आणि १९३५ मध्ये त्यांनी मुंबईत सिप्ला सुरू केली. १९३९ मध्ये महात्मा गांधींनी त्या कारखान्याला भेट दिली. तो काळ असा होता की साधे औषधसुद्धा बोटीने यायचे, आणि बोट थांबली की रोगी देवाच्या भरवशावर.

स्वातंत्र्यानंतर सरकारने १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी केली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्याला मदत केली. पेनिसिलिन आपल्या देशात बनू लागले. १९६१ मध्ये आयडीपीएल आली आणि तिचे कारखाने रशियाच्या मदतीने ऋषिकेश आणि हैदराबादला उभे राहिले. या सरकारी कारखान्यांतून शिकलेल्या माणसांनीच पुढे खाजगी कंपन्या काढल्या. डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज काढणारे अंजी रेड्डी हे आयडीपीएलमध्येच नोकरीला होते. हैदराबाद आज औषधांचे शहर म्हणून ओळखले जाते, त्याचे बीज तिथले आहे.

पण कारखाने असूनही औषधे महाग होती. १९६० च्या सुमारास अमेरिकन सिनेटच्या केफॉव्हर समितीनेच नोंदवले की भारतातील औषधांच्या किमती जगातील सर्वांत चढ्या किमतींपैकी आहेत. गरीब देशात औषध सर्वांत महाग! कारण पेटंटचा कायदा इंग्रजांच्या काळातला, १९११ चा होता. १९७० मध्ये नवा कायदा झाला आणि १९७२ पासून अमलात आला. औषधाच्या वस्तूवर पेटंट नाही, फक्त ते बनविण्याच्या पद्धतीवर, असे त्या कायद्याने ठरवले. म्हणजे तीच साडी, पण विणण्याची रीत आपली. आपल्या रसायनतज्ज्ञांनी नव्या रीती शोधल्या आणि भाव खाली आले.

त्याचे फळ जगाने २००१ मध्ये पाहिले. आफ्रिकेत एड्सने माणसे मरत होती आणि एका रोग्याच्या वर्षभराच्या औषधांना दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत होता. अब्दुल हमीद यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी तीच तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी. यापुढे आफ्रिकेत औषध न परवडणे हे मरणाचे कारण राहता कामा नये, ही मागणी जगभर जोर धरू लागली. व्यापारी माणूस नफा कमावूनही किती मोठे काम करू शकतो, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

२००५ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे वस्तूवरचे पेटंट पुन्हा आले. तरी कायद्यात काही कड्या शिल्लक ठेवल्या होत्या आणि त्या कामाला आल्या. २०१२ मध्ये कर्करोगाच्या एका औषधाचा सक्तीचा परवाना नॅटको कंपनीला देण्यात आला, तेव्हा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपयांवरून ८,८८० रुपयांवर आला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेक या औषधाचे पेटंट नाकारले. जुन्या औषधात किरकोळ फेरफार करून नवे पेटंट मागता येणार नाही, असा त्याचा अर्थ. परदेशांशी व्यापाराचे करार होतात तेव्हा या कड्या सैल करण्याची मागणी पुढे येते. ती मान्य होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोळी आपली, सूत चीनचे

इथपर्यंतचा हिशेब जमेचा झाला. आता खर्चाची बाजू पाहू.

गोळी म्हणजे काय? तिच्यात रोग बरा करणारे मूळ द्रव्य असते. त्याला धंद्यात बल्क ड्रग म्हणतात. त्यात स्टार्च वगैरे मिसळून, दाबून, पाकिटात भरले की गोळी तयार. म्हणजे बल्क ड्रग हे सूत आणि गोळी हे कापड. भारत आज जगासाठी कापड विणतो, पण सूत कुठून घेतो? बाहेरून जी मूळ द्रव्ये येतात, त्यांपैकी साधारण दोन तृतीयांश माल एकट्या चीनचा असतो. काही प्रतिजैविकांच्या बाबतीत तर जवळजवळ सगळा भार तिथेच.

पेनिसिलिनचेच उदाहरण घ्या. पेनिसिलिन जी या द्रव्यापासून अमॉक्सिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन ही नेहमीची औषधे बनतात. लहान मुलाच्या कानदुखीपासून छातीच्या संसर्गापर्यंत डॉक्टर तीच लिहून देतात. हे द्रव्य मोठमोठ्या टाक्यांत बुरशी आंबवून काढावे लागते. त्याला साखर लागते, चोवीस तास वीज आणि वाफ लागते, आणि टाकीत दुसरा जंतू शिरू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून पहारा लागतो. हे काम पिंपरीला होत होते, इतरही काही कारखान्यांत होत होते. पुढे चीनने अजस्र टाक्या बांधल्या, सरकारने स्वस्त वीज आणि कर्ज दिले, आणि भाव इतका पाडला की आपल्या कारखानदारांना बनविण्यापेक्षा विकत घेणे परवडू लागले. एकेक टाकी बंद पडली. कारीगर पांगले. हुनर गेले.

बाजारातला कोणीही म्हणेल, “सेठ, स्वस्त मिळते तिथून घ्यावे, यात वाईट काय?” मीही असेच म्हणत होतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पुरवठादाराकडून मी सूत घ्यायचो. किलोमागे तीन-चार रुपये स्वस्त, म्हणून बाकी तिघांशी व्यवहार सोडला. दोन वर्षे मजेत गेली. मग रमजानच्या तोंडावर साड्यांच्या ऑर्डरी हातात असताना त्याने भाव चढवला आणि पैसे आगाऊ मागितले. जुन्या तिघांकडे गेलो. त्यांतल्या एकाने धंदा बंद केला होता आणि दुसऱ्याचा माल दुसरीकडे बांधलेला होता. तिसरा हसला आणि म्हणाला, “आज आठवण आली का?” त्या वर्षी माझ्यासाठी विणणाऱ्या मागांवर अकरा दिवस ताणा चढला नाही. दोन वर्षांत वाचवलेले पैसे त्या अकरा दिवसांत गेले. ईद मात्र कारीगराची बिघडली. याची टोचणी मला अजून आहे.

कापडाच्या बाबतीत ईद बिघडते. औषधाच्या बाबतीत जीव जातो.

२०२० च्या सुरुवातीला चीनचे कारखाने कोरोनामुळे बंद पडले, तेव्हा आपल्याकडे पॅरासिटामॉलच्या मूळ द्रव्याचे भाव चढले. ३ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारला पॅरासिटामॉलसह २६ औषधे आणि मूळ द्रव्ये यांच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. जगाला औषध पुरवणारा देश स्वतःसाठी दार लावून बसला! २०२१ च्या एप्रिलमध्ये लसीचे तसेच झाले. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट, जी मात्रांच्या संख्येने जगातील सर्वांत मोठी लस उत्पादक आहे, तिच्या प्रमुखांना अमेरिकेच्या अध्यक्षांकडे जाहीर विनंती करावी लागली की कच्च्या मालावरचे निर्बंध उठवा. लस बनविण्याच्या पिशव्या, गाळण्या अशा वस्तू तिथून येत होत्या. एका गाळणीसाठी एवढा मोठा कारखाना अडू शकतो.

तेव्हापासून सरकार जागे झाले आहे, हे मान्य केले पाहिजे. २०२० मध्ये ६,९४० कोटी रुपयांची योजना आली. बाहेरून येणारी ४१ मूळ द्रव्ये देशात बनविणाऱ्याला उत्पादनावर प्रोत्साहन मिळते. गुजरात, हिमाचल आणि आंध्र येथे बल्क ड्रगच्या तीन वसाहती मंजूर झाल्या. २०२४ मध्ये आंध्रातील काकीनाडाजवळ पेनिसिलिन जी चा मोठा कारखाना सुरू झाला. चांगली गोष्ट आहे. पण चीनने भाव आणखी पाडला की हा कारखाना तगणार कसा? माझे म्हणणे असे की सरकारी दवाखान्यांच्या खरेदीत देशी मूळ द्रव्यापासून बनलेल्या औषधाला थोडा जास्त भाव द्यावा. शंभराला चार-पाच रुपये जास्त गेले तरी तो खर्च नव्हे, तो विमा आहे. माझे अकरा दिवस आठवून मी हे सांगतो.

आणि महाराष्ट्र या यादीत कुठे आहे? प्लेगच्या साथीत १८९७ मध्ये वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईतच लस तयार केली आणि प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरत होते, तेव्हा तिसरे आगाखान यांनी जाहीरपणे लस टोचून घेऊन लोकांची भीती घालवली. परळची हाफकिन संस्था, पिंपरीचा कारखाना, पुण्याची विषाणू संस्था, सीरम, मुंबईच्या औषध कंपन्या, एवढी दौलत दुसऱ्या कुठल्या राज्याकडे आहे? तरीही त्या तीन वसाहतींत आपले नाव नाही. आपल्या लोकप्रतिनिधींना हा प्रश्न कुणी विचारला आहे काय?

मुळी इथली, नफा तिथला

दुसरे दुखणे संशोधनाचे. आपण विणण्यात हुशार, पण नक्षी दुसऱ्याची उतरवतो. नवे औषध शोधण्याचे काम आपल्याकडे थोडेच झाले.

सर्पगंधेची कथा ऐका. वेडावर आणि निद्रानाशावर ही मुळी आपले वैद्य-हकीम पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. हकीम अजमल खान यांना वाटले की तिची रसायनशाळेत परीक्षा व्हावी. त्यांच्या प्रेरणेने सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात काम केले आणि १९३१ मध्ये तिच्यातून एक द्रव्य वेगळे काढले. हकीमसाहेबांच्या नावावरून त्याला अजमलीन हे नाव दिले. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवर या मुळीचा काय परिणाम होतो ते इंग्लंडच्या हृदयरोगाच्या मासिकात प्रसिद्ध केले. एवढे सगळे इथे झाले. मग १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्याच मुळीतून रेसरपिन काढले, गोळी बनवली आणि जगभर विकली. मुळी आपली, अनुभव आपला, पहिली परीक्षाही आपली. दुकान मात्र त्यांचे.

२०२० मध्ये मालेगावात मन्सुरा येथील युनानी महाविद्यालयाचा काढा घराघरांत पोहोचला, हे आपल्याला आठवत असेल. त्याबद्दल लोकांना विश्वास वाटला, मी स्वतःही प्यालो. पण विश्वास हा पुरावा नव्हे. एका गटाला काढा, दुसऱ्याला नाही, आणि दोघांचा काटेकोर हिशेब, अशा परीक्षेला उतरल्यावाचून कुठल्याही दवेला जगाचा बाजार उघडत नाही. हकीम अजमल खान यांना शंभर वर्षांपूर्वी जे कळले होते, ते आपल्याला आज कळावे.

आशेच्या खुणा आहेत. मुंबईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून रक्ताच्या कर्करोगावर पेशींचा नवा उपचार तयार केला, त्याला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. परदेशात ज्याला तीन-चार कोटी रुपये लागतात, तो सुमारे ४२ लाखांत सुरू झाला. गरिबाला तोही परवडत नाही, पण वाट सापडली. अकबरअलीज या मुंबईच्या दुकानाच्या खोराकीवाला घराण्यातून उभ्या राहिलेल्या वोक्हार्टने न्यूमोनियावर नॅफिथ्रोमायसिन हे नवे प्रतिजैविक शोधले, त्यासाठी चौदा-पंधरा वर्षे घातली. चौदा वर्षे! आपण तीन महिन्यांची उधारी वसूल झाली नाही तर झोपत नाही. संशोधनासाठी धीर लागतो आणि असे धीराचे भांडवल आपल्या देशात कमी आहे. संशोधनावरचा देशाचा एकूण खर्च उत्पन्नाच्या एक टक्काही नाही.

मापात पाप नको

तिसरी गोष्ट सर्वांत कडू आहे. २०२२ मध्ये आफ्रिकेतील गांबियात साठहून अधिक मुले दगावली आणि भारतातून गेलेल्या खोकल्याच्या औषधावर बोट ठेवले गेले. त्याच वर्षी उझबेकिस्तानातून तशीच बातमी आली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात वीसहून अधिक मुले गेली. कारण एकच: डायएथिलीन ग्लायकॉल. औषधात वापरायच्या द्रवाच्या जागी किंवा त्यात मिसळून कारखान्यातला विषारी द्रव आला. तो मूत्रपिंडे निकामी करतो. हे नवे आहे काय? १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने १४ रोगी दगावले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्यावर सडेतोड अहवाल दिला होता. चाळीस वर्षांनी पुन्हा तेच विष!

कापडात कोणी पन्हा चोरला, काउंट खोटा सांगितला तर गिऱ्हाईक तागा परत करते. औषधातली खोट परत करायला गिऱ्हाईक उरत नाही. कारखान्यांसाठी शेड्यूल एमचे नवे नियम निघाले, तेव्हा लहान कारखानदारांनी खर्चाची तक्रार केली आणि त्यांना २०२५ अखेरपर्यंत मुदत मिळाली. मी स्वतः लहान व्यापारी आहे, मला त्यांची अडचण कळते. त्यांना यंत्रांसाठी स्वस्त कर्ज द्या, सामाईक तपासणी प्रयोगशाळा द्या. पण तपासणीतून सूट देऊ नका. एका पिंपातली बेइमानी साऱ्या देशाची पत घालवते.

आपले काम काय?

वाचकहो, तुम्ही म्हणाल, हे सगळे कंपन्यांचे आणि सरकारचे. आपला यात संबंध काय? आहे, आणि तो जवळचा आहे.

२०२० च्या प्रारंभी आपल्या देशात डॉक्टर-नर्सच्या अंगावरचे संरक्षक पोशाख जवळजवळ बनतच नव्हते. मे महिन्यापर्यंत दिवसाला साडेचार लाख बनू लागले. हे कोणी केले? कापडवाल्यांनी, शिलाईवाल्यांनी. जखमेवरची गॉज, बँडेजचे कापड हे मागावरच निघते. आज त्यात भाव मिळत नाही, कारण आपण ते ग्रे कापड म्हणून विकतो. धुणे, निर्जंतुक करणे, बांधणे आणि त्यावर नाव घालणे हे काम दुसरा करतो आणि नफाही तोच घेतो. दहा-बारा मागवाल्यांनी मिळून निर्जंतुकीकरणाची एक सामाईक सोय उभी केली, परवाना घेतला, प्रमाणाप्रमाणे माल दिला, तर तोच माग दवाखान्याचा पुरवठादार होईल. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील संघटनांनी हा विषय बैठकीत घ्यावा.

आणि तालीम. माझा भाचा बी.फार्म. करीत होता, तेव्हा घरात वाद झाला. भावजी म्हणाले, “शेवटी मेडिकलचे दुकानच टाकायचे ना?” मीही त्या दिवशी गप्प राहिलो. आज तो एका औषध कारखान्यात तपासणी विभागात आहे. गेल्या वर्षी त्याने द्रवाचे एक पिंप नापास केले. वरून दडपण आले, तरी त्याने सही केली नाही. पिंप परत गेले. त्याने हे मला चहा पिताना सहज सांगितले. मला वाटले, हमीदसाहेबांच्या कारखान्याइतकेच मोठे काम या सहीत आहे.

आपली मुले रसायनशास्त्राला घाला, सूक्ष्मजीवशास्त्राला घाला. मुलींना घाला, त्या या विषयांत पुढे आहेत. मेडिकलचे दुकान वाईट नाही, पण ते कापडाच्या दुकानासारखेच आहे, माल दुसऱ्याचा. ज्या दिवशी सूतही आपले, मागही आपला आणि नक्षीही आपली होईल, त्या दिवशी कोणत्याही बंदराचे दार लागले तरी आपल्या दवाखान्यातली गोळी थांबणार नाही. तोवर हा धंदा कितीही मोठा दिसला, तरी ताणा चढलेला नाही हे लक्षात असू द्या.